कीटक हे खत, अन्न नव्हे

पावसाळ्यात कास पठारावर किंवा कोकणातल्या जांभ्याच्या सड्यावर दवबिंदूचे लालसर रोप दिसले, की बघणाऱ्यांपैकी कुणीतरी जाणकार एक वाक्य म्हणतोच: "इथल्या जमिनीत अन्न नाही, म्हणून ही वनस्पती किडे खाऊन जगते." लेखांत, व्याख्यानांत, निसर्गसहलींत हे वाक्य इतके रुळले आहे की ते तपासून पाहावे असे कुणाला वाटत नाही. त्यात सत्याचा अंश आहे, हे मान्य. पण उरलेला भाग चुकीचा आहे, आणि त्या चुकीची किंमत वाक्य उच्चारणाऱ्याला नव्हे, त्या रोपाला मोजावी लागते. म्हणून या मताचे खंडन करणे मला अगत्याचे वाटते. दोन्ही बाजू मांडतो. निवाडा वाचकांनी करावा.

आधी पूर्वपक्ष, आणि तोही त्याच्या पूर्ण बळानिशी.

व्हीनस फ्लायट्रॅपचे पान माशी पकडते ते पोषणासाठी असावे, असे इंग्लंडच्या जॉन एलिसने 1769 मध्ये लिनियसला कळवले. लिनियसने ते मानले नाही. झाडाने प्राणी खावा ही कल्पनाच त्या काळच्या सृष्टिव्यवस्थेत बसत नव्हती. पुढे 1860 च्या उन्हाळ्यात ससेक्सच्या माळरानावर चार्ल्स डार्विनला दवबिंदूच्या पानांवर चिकटलेले असंख्य कीटक दिसले, आणि पंधरा वर्षांच्या प्रयोगांनंतर 1875 मध्ये त्याचा कीटकभक्षी वनस्पतींवरचा ग्रंथ आला. पानांतून आम्ल आणि पाचक विकरे पाझरतात, ती प्रथिने विरघळवतात आणि विरघळलेला रस पान शोषून घेते, हे त्याने दाखवून दिले. जठरात जे घडते तेच पानावर घडते, ही तुलना त्याचीच. त्याच्याच सांगण्यावरून बर्डन-सँडर्सनने 1873 मध्ये फ्लायट्रॅपच्या पानात विजेचे संकेत मोजले; प्राण्यांच्या स्नायूंत आढळतात तसे. 1878 मध्ये त्याचा मुलगा फ्रान्सिस डार्विन याने दाखवले की मांस मिळालेली दवबिंदूची रोपे उपाशी रोपांपेक्षा कितीतरी अधिक फळतात.

या पुराव्यावर प्रचलित मताची तीन विधाने उभी आहेत. पहिले: कीटक हे या वनस्पतींचे अन्न आहे. दुसरे: जमीन निकृष्ट असणे एवढेच या वृत्तीचे पुरेसे कारण आहे. तिसरे: शिकार हा त्यांचा कायमचा स्वभाव आहे, आणि त्या स्वभावाने त्या प्राण्यांच्या दिशेने एक पायरी वर चढल्या आहेत. या मताचे पुरस्कर्ते अडाणी नाहीत. त्यांच्यामागे डार्विनचे नाव आहे आणि डोळ्यांना दिसणारे दृश्य आहे: पानावर मेलेली माशी, आणि शेजारी टवटवीत रोप. यापेक्षा अधिक काय हवे?

अधिक हवे. आता एकेक विधान घेऊ.

पहिले विधान अन्नाचे. हिरव्या वनस्पतीच्या बाबतीत अन्न म्हणजे कर्ब आणि ऊर्जा. साखर, पिष्ट, काष्ठ ज्यातून घडते ते. नत्र, स्फुरद, पालाश ही पोषकद्रव्ये खरी, पण त्यांतून ऊर्जा मिळत नाही. युरियाची गोणी शेतात टाकणारा शेतकरी उसाला जेवण वाढत नसतो. ऊस आपले जेवण उन्हातून आणि हवेतून स्वतः करतो, युरिया त्याला ते करण्याची ताकद देतो. हा भेद शेतीत सगळ्यांना कळतो. मग दवबिंदूपाशी येताच तो का विसरावा?

डार्विन तो विसरला नव्हता. त्याने दवबिंदूच्या पानांवर निरनिराळ्या द्रवांचे थेंब ठेवून पाहिले. दूध, अंड्यातला पांढरा बलक, मांसाचा अर्क असे नत्रयुक्त पदार्थ ठेवले तेव्हा पानावरचे केस आत वळले. साखर, पिष्ट, डिंक, ऑलिव्ह तेल ठेवले तेव्हा पान ढिम्म राहिले. साखर, पिष्ट आणि तेल हे तर ऊर्जेचे साठे. ज्याला पोट भरायचे आहे तो साखर आणि तेल नाकारील काय? पान ऊर्जा शोधत नव्हते. ते नत्र शोधत होते.

आता फ्रान्सिस डार्विनच्या प्रयोगाकडे वळू, कारण पूर्वपक्षाचा सर्वांत भक्कम पुरावा तोच आहे. 1877 च्या जूनमध्ये त्याने दवबिंदूची सुमारे 200 रोपे सूपच्या थाळ्यांत शेवाळ भरून त्यात लावली. प्रत्येक थाळीच्या मधोमध लाकडाची ठेंगणी आडभिंत घातली. एका बाजूच्या पानांना भाजलेल्या मांसाचे बारीक कण द्यायचे, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. आणि उपाशी बाजूने चोरून कीटक पकडू नयेत म्हणून सगळ्यावर जाळीचे आच्छादन. शेवटी हिशेब झाला तेव्हा मांस मिळालेल्या रोपांच्या बियांची संख्या जवळजवळ अडीचपट आणि बियांचे वजन पावणेचार पटींच्याही पुढे भरले. एवढेच सांगून लोक थांबतात. पण या प्रयोगात आधी काय दिसले, ते कुणी सांगत नाही. जुलैच्या मध्यावर, बिया धरण्याच्या कितीतरी आधी, मांस मिळालेली बाजू स्पष्टपणे अधिक हिरवी दिसू लागली होती. फ्रान्सिसने त्याचा अर्थही नोंदवला: नत्र मिळाल्यामुळे पानांत हरितद्रव्य अधिक तयार झाले, आणि हरितद्रव्य वाढल्यामुळे रोपाचा सेल्युलोजयुक्त देह वाढला. मांसाचे ते कण वजनाने नगण्य होते. वाढलेला देह त्या मांसातून आलेला नव्हता. तो उन्हातून आला. मांसाने ऊन पकडणारे यंत्र मोठे केले. जो प्रयोग पूर्वपक्षाचा मुख्य साक्षीदार, त्याचीच संपूर्ण साक्ष ऐकली तर ती उत्तरपक्षाच्या बाजूची निघते.

अलीकडच्या संशोधनाने हे मोजून दाखवले आहे. 2009 मध्ये स्लोव्हाकियातल्या पाव्लोविच आणि सहकाऱ्यांनी घटपर्णीच्या एका सुमात्री जातीला खाद्य देऊन पाहिले. खाद्य मिळालेल्या रोपांची प्रकाशसंश्लेषणाची कार्यक्षमता वाढली. जड नत्राच्या समस्थानिकाची खूण लावून कोणत्या वनस्पतीने किती नत्र शिकारीतून घेतले, हेही आता काढता येते. 2021 मध्ये उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरची ट्रायँथा ही परिचित वनस्पती कीटकभक्षी असल्याचे असेच उघड झाले. तिच्या फुलांच्या दांड्यावरचे चिकट केस बारीक कीटक धरतात, आणि तिच्या नत्राचा निम्म्याहून अधिक वाटा त्या कीटकांतून येतो. हे सारे संशोधन हिशेब कशाचा मांडते? नत्राचा. कारण शिकारीची किंमत त्याच नाण्यात ठरते.

यावर एक सावध आक्षेप येतो, आणि तो टाळणे न्यायाचे होणार नाही. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात व्हीनस फ्लायट्रॅप कीटकातून आलेल्या अमिनो आम्लांतला कर्ब श्वसनासाठी जाळतो, असे आढळले. मग कीटक हे अन्नच ठरत नाही का? नाही. अमिनो आम्लातून नत्र मोकळे केले की मागे कर्बाचा सांगाडा उरतो. तो टाकून देण्यापेक्षा जाळणे शहाणपणाचे. पकडणे आणि पचवणे या खर्चिक कामांचा थोडा भार त्याने हलका होतो. पण जोडउत्पन्न म्हणजे उपजीविका नव्हे.

शंका उरलीच असेल तर निर्णायक कसोटी लावून पाहू. दुसऱ्याच्या अन्नावर खरोखर जगणाऱ्या वनस्पती आपल्या परिचयाच्या आहेत. अमरवेल यजमान झाडातून तयार साखर ओढते. तिने पाने टाकली, हरितद्रव्य जवळजवळ सगळे टाकले. तंबाखूच्या शेतातला बंबाखू जमिनीखालून मुळांना चिकटतो. त्याच्यात हिरवेपणाचा मागमूस नाही. ज्या वनस्पतीला अन्न आयते मिळते, ती पान पोसत नाही. कीटकभक्षी वनस्पतींच्या आजवर आठशेहून अधिक जाती ज्ञात आहेत. लक्षावधी वर्षे त्या शिकार करीत आल्या. त्यांतल्या किती जातींनी हिरवेपणा सोडला? एकीनेही नाही. कीटक जर अन्न असते, तर आठशेपैकी एखादी तरी अमरवेलीच्या वाटेने गेली नसती का?

पहिले विधान इथे पडते.

दुसरे विधान असे की जमीन निकृष्ट, म्हणून शिकार. हे खरे मानले तर त्यातून एक अनुमान निघते: जिथे जिथे जमीन निकृष्ट, तिथे तिथे कीटकभक्षी वनस्पती दिसायला हव्यात. पण वाळवंटे निकृष्ट आहेत. विषुववृत्तीय जंगलांचा कित्येक ठिकाणचा तळ धुपून निकृष्ट झालेला आहे. खडकाळ डोंगरउतारांना पोषकद्रव्यांची वानवा आहे. या सगळ्या जागी या वनस्पती इतक्या विरळ का? आणि उघड्या दलदली, झरणाऱ्या कड्यांचे ओले काठ, पावसाळ्यात भिजणारी पठारे, एवढ्याच जागी त्यांची दाटी का?

याचे उत्तर टॉमस गिवनिश आणि सहकाऱ्यांनी 1984 मध्ये दिले. व्हेनेझुएलाच्या गयाना प्रदेशातल्या ब्रोकिनिया या अननसाच्या कुळातल्या वनस्पतीचा अभ्यास करताना त्यांनी शिकारीचा जमाखर्च मांडला. सापळा, डिंक, विकरे, शिकारीला भुलवणारा मध या सगळ्यांना खर्च येतो. जे पान सापळा होते ते ऊन पकडण्यात कमी पडते. हा खर्च केव्हा भरून निघेल? शिकारीतून आलेल्या नत्राने वाढलेली प्रकाशसंश्लेषणाची कमाई त्या खर्चाहून मोठी असेल तेव्हाच. ऊन नसेल तर कितीही नत्र आले तरी कमाई वाढत नाही. पाणी नसेल तर पान ऊन वापरू शकत नाही, डिंक सुकतो, विकरे वाहत नाहीत. म्हणून तीन अटी एकदम पुऱ्या व्हाव्या लागतात: भरपूर ऊन, भरपूर पाणी आणि निकृष्ट जमीन. यांतली एक ढळली की शिकार तोट्याची.

अपवाद आहेत. आयबेरिया आणि मोरोक्कोच्या कोरड्या टेकड्यांवर ड्रोसोफायलम वाढते. दक्षिण स्पेनच्या चुनखडी कड्यांवर सावली सहन करणारा एक बटरवर्ट आहे. असे अपवाद कसे टिकतात हे तपासणे अभ्यासकांना मोलाचे वाटते. पण नियम एका-दोघांनी मोडत नाही, आणि नियम एकट्या निकृष्ट जमिनीचा नाही, तिन्हींच्या संयोगाचा आहे. सड्यावर उभे राहून केवळ जमिनीकडे बोट दाखवणारा जाणकार डोक्यावरचे मोकळे आकाश आणि पायाखालचा ओलावा विसरतो. त्याने कारणाचा तिसरा हिस्सा सांगितला आणि पूर्ण कारण सांगितल्याचे समाधान मानले.

आता तिसरे विधान: शिकार हा कायमचा स्वभाव. इथे बटरवर्टसारखा साक्षीदार दुसरा नाही. म्हणूनच त्याच्याकडे जरा जवळून पाहू.

बटरवर्ट म्हणजे पिंग्विक्युला. शंभराच्या आसपास जाती, त्यांतल्या जवळजवळ निम्म्या मेक्सिकोत. सह्याद्रीत हा नाही. भारतात त्याची एकच जात हिमालयात, थंड ओल्या खडकांवर आढळते. जमिनीलगत पसरलेली मऊ, फिकट हिरवी पाने. लांबून पाहता लोणी चोपडल्यासारखी चकचकीत. भिंगाखाली धरले की ती चकाकी म्हणजे असंख्य बारीक थेंब असल्याचे दिसते. पानावर दोन प्रकारच्या ग्रंथी असतात. एक देठाच्या; त्यांच्या टोकाशी चिकट थेंब असतो, तो चिलटाला धरतो. दुसऱ्या बिनदेठाच्या, त्या पानाला चिकटून कोरड्याच बसलेल्या असतात, आणि शिकारीतला नत्रयुक्त अंश पोहोचला की विकरांसह पाझरू लागतात. योलांडे हेस्लॉप-हॅरिसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1970 च्या दशकात या ग्रंथींचा सखोल अभ्यास केला. त्यांच्या वरच्या आवरणात फटी असतात, त्यांतून रस बाहेर येतो आणि विरघळलेले द्रव्य आत जाते; खूण लावलेले प्रथिन पानात शिरताना काही तासांतच दिसून आले. आणि महत्त्वाची गोष्ट ही, की अशी ग्रंथी एकदाच कामी येते. रस सोडताना तिच्या पेशींची आतली घडण मोडते. पुन्हा वापरता येईल असे तीत काही उरत नाही.

एकदा वापरून संपणारे हत्यार बाळगणारा प्राणी ते उगाच चालवील का? बटरवर्टही चालवत नाही. मेक्सिकोतल्या अनेक जाती पावसाळ्यात ग्रंथींनी भरलेली रुंद पाने काढतात. कोरडा हिवाळा आला की तेच रोप लहान, जाड, गुबगुबीत पानांचा गेंद करते, आणि त्या पानांवर सापळ्याच्या ग्रंथी नसतात. युरोपच्या थंड भागातल्या जाती हिवाळ्यात मिटलेल्या कळीच्या रूपात पडून राहतात. वर्षाचे कित्येक महिने हा शिकारी शिकारच करत नाही.

हा बटरवर्टचा लहरीपणा म्हणून सोडून देता येणार नाही, कारण इतर कुळांतही तेच दिसते. अमेरिकेच्या सारसेनिया या पेल्याच्या वनस्पतीला एलिसन आणि गोटेली यांनी जादा नत्र देऊन पाहिले, आणि 2002 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला: नत्र वाढत गेले तशी तिने पेले कमी केले आणि ऊन पकडणारी चपटी पाने वाढवली. पश्चिम आफ्रिकेतली ट्रायफायोफायलम ही वेल तर आयुष्याच्या एका टप्प्यापुरतीच चिकट पाने काढते. 2023 मध्ये प्रयोगशाळेत असे दिसले की स्फुरदाची टंचाई हीच त्या टप्प्याची कळ आहे. फ्लायट्रॅपही मोजूनमापून वागतो. त्याचे पान मिटायला केसाला थोड्या अवधीत दोनदा स्पर्श व्हावा लागतो, आणि वुर्झबर्गच्या राइनर हेड्रिख यांच्या गटाने 2016 मध्ये दाखवले की पाचक विकरांची निर्मिती नेटाने सुरू व्हायला पाचेक स्पर्श लागतात. प्रत्येक स्पर्शाचा हिशेब कशासाठी? रिकामे मिटणे परवडत नाही म्हणून.

जो खत मिळाले की हत्यार म्यान करतो, ऋतू पालटला की ते टाकून देतो, आणि उचलण्यापूर्वी खर्च मोजतो, त्याला स्वभावतः शिकारी कसे म्हणायचे? स्वभाव गरजेबरोबर बदलत नसतो. व्यवहार बदलतो. शिकार हा या वनस्पतींचा व्यवहार आहे.

त्याच विधानाचा उरलेला अर्धा भाग असा की या वनस्पती प्राण्यांच्या दिशेने एक पायरी चढल्या. डार्विनची जठराची उपमा प्रश्न विचारायला विलक्षण उपयोगी पडली. तिच्याशिवाय बर्डन-सँडर्सनने पानाला तारा जोडल्याच नसत्या. पण उपमेवरून वंशावळ सिद्ध होत नाही. कीटकभक्षण वनस्पतींत दहाहून अधिक वेळा, एकमेकांशी थेट नाते नसलेल्या कुळांत, स्वतंत्रपणे उद्भवले. पायरी एकच असती तर दहा जिने कसे? ही विकरे आली कुठून, याचेही उत्तर मिळाले आहे. 2017 मध्ये फुकुशिमा आणि सहकाऱ्यांनी ऑस्ट्रेलियाच्या सेफॅलोटस या पेल्याच्या वनस्पतीच्या जनुकसंचावरून दाखवले की तिची पाचक विकरे रोग आणि ताण यांच्याशी लढणाऱ्या जुन्या प्रथिनांतून घडली आहेत, आणि दूरच्या कुळांतही तीच प्रथिने पुन्हा पुन्हा त्याच कामाला लागली आहेत. अळीने पान कुरतडले की साधी वनस्पती जॅस्मोनेट या संप्रेरकाने सावध होते. फ्लायट्रॅप, दवबिंदू आणि घटपर्णी पचनाची सुरुवात त्याच संप्रेरकाने करतात. आणि बटरवर्ट? 2020 मध्ये पाव्लोविच यांच्याच गटाने दाखवले की त्याच्या पचनाला जॅस्मोनेट लागतच नाही. त्याने आपली वाट निराळी काढली. हत्यारे वनस्पतींची, वाटा वनस्पतींच्या. यात प्राण्याकडे झुकणे कुठे आहे? वनस्पतीपण इथे तसूभरही कमी होत नाही. उलट, वनस्पतीपणाच्या पोटी किती शक्यता दडल्या आहेत, ते इथे दिसते. मला तरी हे जठराच्या उपमेपेक्षा अधिक थक्क करणारे वाटते.

मांसाची ओढ हे या वनस्पतींचे लक्षण म्हणावे, तर त्यांच्या आहाराची यादीच ते खोटे ठरवते. बोर्निओतली नेपेंथिस लोवाय ही घटपर्णी वृक्षचिचुंद्र्यांना झाकणावरचा रस चाटायला देते आणि त्यांची विष्ठा घटात झेलते. 2009 च्या अभ्यासानुसार तिच्या पानांतले 57 ते 100 टक्के नत्र तिथून येते. तिथलीच दुसरी एक घटपर्णी वटवाघळांना घटात विसावा देऊन सुमारे एक तृतीयांश नत्र मिळवते. नेपेंथिस अँप्युलारिया झाडांखाली घट उघडे ठेवते आणि गळलेल्या पालापाचोळ्यातून सुमारे तितकेच नत्र घेते. बटरवर्टच्या पानावर परागकण पडले तर तो तेही पचवतो. डार्विनने त्याच्या पानांवर परागकण आणि बिया पाहिल्या होत्या. आपल्या सड्यांवर उगवणाऱ्या, फुग्यांच्या सापळ्यांनी शिकार करणाऱ्या सीतेच्या आसवांच्या पाणवासी नातलगांच्या फुग्यांत कित्येकदा प्राण्यांपेक्षा शैवाल जास्त सापडते. चिलट, परागकण, पाचोळा, विष्ठा: या चौघांत समान काय? मांस नाही. नत्र आणि स्फुरद आहे. शेणखत आणि पाचोळा यांना शेतकरी ज्या दृष्टीने पाहतो, त्याच दृष्टीने या वनस्पती जग पाहतात.

शेवटचा आक्षेप असा: सीतेच्या आसवांना आणि त्यांच्या पाणवासी नातलगांना मुळेच नाहीत, मग त्यांना तरी शिकारीवर जगावे लागत असेलच ना? मुळे नाहीत हे खरे. पण मुळांचे काम जमिनीतून अन्न आणणे हे नसतेच. पाणी आणि क्षार आणणे हे असते. ते काम या वनस्पती खोड, पाने आणि फुगे यांच्याकरवी करतात. उरला कर्ब, तो हिरव्या पानांतून येतो, आणि ती पाने त्यांनी सोडलेली नाहीत. ज्यांना मुळे आहेत त्यांच्याबाबत चेक शास्त्रज्ञ लुबोमिर आदामेत्स यांनी 2002 मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली: पानाने क्षार शोषले की मुळेही जमिनीतून अधिक क्षार घेऊ लागतात. शिकार जमिनीची जागा घेत नाही. ती जमिनीला जोड देते.

एवढ्या पुराव्यानंतर उत्तरपक्षाचा सिद्धान्त थोडक्यात मांडता येतो. कीटकभक्षी वनस्पती उन्हावर जगतात. ऊन पकडायला लागणारे नत्र आणि स्फुरद जिथे जमीन देत नाही, पण ऊन आणि पाणी मुबलक आहे, तिथे त्यांनी खत मिळवण्याची एक खर्चिक पद्धत स्वीकारली, आणि ती गरजेपुरतीच वापरली. यातल्या कोणत्या शब्दाला पुरावा कमी पडतो, ते प्रतिपक्षाने दाखवावे.

हा वाद केवळ पंडितांचा म्हणून बाजूला सारता येत नाही, कारण आपण या वनस्पतींशी कसे वागतो ते याच मतावर ठरते. अन्नाचे मत मानणारा नर्सरीतून आणलेला फ्लायट्रॅप दिवाणखान्याच्या अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवतो आणि त्याला मांसाचे तुकडे भरवतो; पान काळे पडते, रोप मरते, आणि भूक भागली नाही म्हणून मेले असे तो मानतो. मेले ते उन्हावाचून. दुसरा कुणी जमीन निकृष्ट म्हणून दयेपोटी कुंडीत खत घालतो. त्या मुळांना ते सोसत नाही.

कुंडीतली चूक एका रोपापुरती राहते, माळावरची चूक सबंध पठाराला भोवते. स्वीडनच्या दलदलींवरच्या, 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले की जिथे हवेतून येणारे नत्राचे प्रदूषण कमी, तिथे दवबिंदू निम्म्याहून अधिक नत्र कीटकांतून घेतो. प्रदूषण वाढते तिथे हा वाटा एक तृतीयांशापर्यंत किंवा त्याहूनही खाली घसरतो. यात दवबिंदूचे भले झाले असे वाटेल. पण जे नत्र त्याला मिळते तेच शेजारच्या गवतालाही मिळते. गवत उंच वाढते, सावली करते, आणि सापळ्याचा खर्च सोसणारी बुटकी वनस्पती त्या शर्यतीत हरते. तिची सत्ता जमिनीच्या निकृष्टपणावरच उभी असते.

आता हे आपल्या सड्यांना लावून पाहा. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, गोव्याच्या जांभ्याच्या सड्यांवर पावसाळ्यात बोटभर मातीत दवबिंदू आणि सीतेची आसवे उगवतात, फुलतात, बी धरतात आणि पाऊस सरताच वाळून जातात. मोकळे ऊन, ओलावा, धुतलेली जमीन: गिवनिशच्या तिन्ही अटी तिथे एकत्र नांदतात. सरकारी नोंदीत आणि बोलीतही अशी जागा पडीक ठरते. सुरुंग लावून खड्डे केले, बाहेरची माती भरली, शेणखत घातले, हापूसची कलमे लावली, की 'पडीक जमीन लागवडीखाली आली' असे म्हणतात. चिरेखाणीने तर सडाच उचलून नेला जातो. पूर्वपक्ष मानणारा म्हणेल, कीटक आहेत तोवर या वनस्पतींना चिंता नाही. उत्तरपक्ष मानणारा जाणतो की एक गाडी खत आणि एका झाडाची सावली एवढ्याने त्यांचा सगळा जमाखर्च उलटतो, मग भोवती चिलटांचे थवे का घोंघावेनात. 2012 मध्ये कास पठार जागतिक वारशाच्या यादीत गेले, आणि त्याचे नाव झाले, हे चांगलेच झाले. पण वारसा म्हणून जपायचे ते काय? तिथली फुले की ती फुले शक्य करणारी निकृष्ट, ओली, उघडी जमीन?

या वनस्पतींना आपल्याकडून कीटक नकोत. त्यांना हवे आहे एवढेच, की त्यांच्या जमिनीला कुणी सुपीक करू नये, त्यांच्या माथ्यावर कुणी सावली धरू नये आणि त्यांच्या पायाखालचे पाणी कुणी वळवू नये. सड्याला पडीक म्हणणारा प्रत्येक कागद, आणि दवबिंदूला किड्यांवर जगणारा म्हणणारे प्रत्येक वाक्य, या तीन मागण्यांच्या विरोधात उभे राहते. दोन्ही दुरुस्त व्हायला हवीत. वाक्यापासून आरंभ करणे आपल्या हातात आहे: ही वनस्पती उन्हावर जगते, आणि खतासाठी कीटक पकडते.